जुन्या ट्रॅक्टरचं साधं स्टेअरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड, दिंडोरी, चांदवड या पट्ट्यात पंचवीस-तीस वर्षांचे ट्रॅक्टर अजून रोज कामाला जातात. जुना महिंद्रा बी-२७५, मॅसी, एचएमटी, आयशर, स्वराज. इंजिन नव्याने बांधलं की ही गाडी आणखी बरीच वर्षं ओढते. स्टेअरिंगकडे मात्र कोणी वेळेवर बघत नाही, कारण ते एकदम बंद पडत नाही. रोज केसभर ढिलं होत जातं आणि चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. ट्रॅक्टर रस्त्यावर नागमोडी चालायला लागला की मग गॅरेजची आठवण होते. पिंपळगावच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. तिथे येणारे शेतकरी जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहिली आहेत. पॉवर स्टेअरिंगचा विषय शेवटी थोडा येईल, बाकी सगळं साध्या, हाताच्या जोरावर चालणाऱ्या स्टेअरिंगबद्दल आहे.

स्टेअरिंगला किती प्ले चालतो?

इंजिन बंद करा, पुढची चाकं सरळ ठेवा. स्टेअरिंगच्या कडीला खडूची खूण करा आणि तिच्यासमोर एखादी काडी धरून ठेवा. एका माणसाने पुढच्या चाकाकडे बघायचं, दुसऱ्याने स्टेअरिंग हळूहळू फिरवायचं. चाक हलायच्या आधी कडी जितकी सरकली तितका तुमचा प्ले. ट्रॅक्टर चांगला असेल तर तो इंचभर असतो. दोन इंचांपर्यंत काम चालतं. त्याच्या पुढे गेला की शोध घ्यायचा. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच धरा.

माझ्याकडे सहा-सहा इंच प्ले असलेले ट्रॅक्टर येतात. मालक सांगतो, "शेतात काही जाणवत नाही." खरं आहे, नांगरटीला जाणवत नाही. पण तोच ट्रॅक्टर कांद्याची ट्रॉली घेऊन लासलगावच्या रस्त्याला लागतो, समोरून एसटी येते, आणि तेव्हा ते सहा इंच फार मोठे असतात.

मिस्त्री म्हणतो स्टेअरिंगचा बॉक्स गेला. लगेच बदलू का?

थांबा. या एका प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

स्टेअरिंगच्या कडीपासून पुढच्या चाकापर्यंत ताकद बऱ्याच सांध्यांतून जाते. आधी वरच्या खांबातला बुश, मग बॉक्समधला वर्म म्हणजे आट्यांचा दांडा आणि त्याच्या नटाने फिरणारा दातेरी सेक्टर, सेक्टरच्या शाफ्टवर बसलेला ड्रॉप आर्म म्हणजे दांडी ओढणारा हात, ड्रॅग लिंकचे म्हणजे लांब दांडीचे दोन बॉल जॉईंट, पुढे दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉईंट, चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती किंगपिन आणि तिचे बुश, शेवटी हबचं बेअरिंग. यातला प्रत्येक जण थोडा थोडा झिजतो. बॉक्सवर आळ येतो, कारण प्ले हाताला वरती जाणवतो.

एक हिशेब करून बघा. स्टेअरिंग २० अंश फिरल्यावर ड्रॉप आर्म १ अंश हलतो असं धरू. ड्रॉप आर्मची लांबी ८ इंच म्हणजे साधारण २०० मिलिमीटर धरू आणि कडीचा व्यास १७ इंच. आता ड्रॅग लिंकच्या एका बॉल जॉईंटमध्ये फक्त १ मिलिमीटर ढिल आहे. ड्रॉप आर्मवर ती पाव अंशाहून थोडी जास्त होते आणि कडीवर पोचेपर्यंत पाऊण इंचाच्या पुढे जाते. दोन्ही टोकं तशीच असतील तर दीड इंचाहून जास्त प्ले नुसता एका दांडीतून आला. एक मिलिमीटर म्हणजे किती, तर पोस्टकार्डाचे तीन-चार तुकडे एकावर एक ठेवा तेवढं. डोळ्याला ते दिसतही नाही.

म्हणून क्रम नेहमी खालून वर ठेवा. आधी चाक, मग किंगपिन, मग दांड्या आणि सगळ्यात शेवटी बॉक्स. दोन बॉल जॉईंट बदलून काम भागत असताना बॉक्सचा आख्खा सेट घातलेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. पैसे गेले आणि प्ले तिथेच राहिला.

प्ले नेमका कुठे आहे हे घरी कसं ओळखायचं?

दोन माणसं लागतात, हत्यारं फारशी लागत नाहीत. चाकं जमिनीवरच असू द्या. एकाने वर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं, जोर लावायचा नाही. दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा, अर्धा पंजा एका भागावर आणि अर्धा दुसऱ्यावर. जिथे एक भाग आधी हलतो आणि दुसरा मागाहून येतो, तिथे ढिल आहे. डोळ्यांपेक्षा बोटांना हे लवकर कळतं. हात ठेवण्याआधी सांध्यावरचा चिखल आणि जुनं ग्रीस पुसून घ्या, नाहीतर ग्रीसच ढिल झाकतं.

ड्रॉप आर्मपाशी आलात की नीट बघा. बॉक्समधून शाफ्ट बाहेर येतो तिथे तो वर-खाली डोलतो का? डोलत असेल तर सेक्टर शाफ्टचा बुश गेला आहे. शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो का? तर ड्रॉप आर्मचा नट ढिला आहे किंवा आतले दाते खाल्ले गेले आहेत. वरची कडी फिरते आणि शाफ्ट उशिरा जागा होतो, तेव्हाच दोष बॉक्सच्या आत आहे.

त्यानंतर एक-एक चाक जॅकवर उचला. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हललं तर हबचं बेअरिंग किंवा किंगपिन. दोन्हींत फरक कसा करायचा? दुसऱ्या माणसाने चाकाच्या मागे बघायचं. नुसता हब हलत असेल तर बेअरिंग, हबसोबत आख्खा स्पिंडल (हब ज्यावर बसतो तो दांडा) एक्सेलच्या आत हलत असेल तर किंगपिनचे बुश. आता चाक पुढून आणि मागून धरून हलवा. यात हललं आणि वर-खालच्या परीक्षेत हललं नव्हतं, तर दोष दांडीच्या बॉल जॉईंटमध्ये.

आणखी एक जागा आहे, तिथे फार कमी लोक बघतात. पुढचा एक्सेल मधोमध ज्या पिनवर झुलतो ती सेंटर पिन. पहार घालून एक्सेल तिथे पुढे-मागे ढकलून बघा. ती पिन झिजली असेल तर बाकी सगळं नवं घातलं तरी ट्रॅक्टर रस्त्यावर भरकटतो, कारण एक्सेलच आडवा सरकत असतो.

जॅक लावताना काय जपायचं?

ट्रॉली सोडा. सपाट, टणक जागेवर उभा करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. आपल्या काळ्या मातीत जॅक सरळ आत जातो, खाली जाड फळी घ्या. उचललेल्या जागी लाकडाचा ठोकळा किंवा स्टँड द्या आणि मगच खाली हात घाला. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही.

पुढचा भाग इंजिनच्या खालून उचलणार असाल तर आधी एक्सेल आणि वरच्या ब्रॅकेटच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. ट्रॅक्टर पुढे एकाच पिनवर तोललेला असतो. पाचर नसेल तर तो एका बाजूला कलंडतो.

बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळला की प्ले जातो म्हणतात. ते बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. बऱ्याच बॉक्सच्या बाजूच्या झाकणावर लॉक नट असलेला एक स्क्रू असतो. तो आत गेला की सेक्टर वर्मच्या नटाजवळ जातो आणि ढिल कमी होते. कॅम आणि लिव्हरच्या जुन्या बॉक्सलाही साधारण अशीच सोय असते.

पण तो आवळायची एक रीत आहे. ड्रॅग लिंक आधी सोडायची, म्हणजे हाताला फक्त बॉक्स जाणवेल. मग स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजायचे आणि बरोबर अर्ध्यावर आणून ठेवायचं. बॉक्स मुद्दामच असा घडवलेला असतो की मधल्या जागी दाते सगळ्यात घट्ट बसतात, कारण ट्रॅक्टर जास्त वेळ सरळच चालतो. तिथेच स्क्रू हळूहळू आत घ्या. मधून जाताना हाताला अगदी बारीक अडखळ जाणवली की थांबा, स्क्रू धरून ठेवा आणि लॉक नट आवळा. मग परत टोकापासून टोकापर्यंत फिरवा. कुठेही अडकता कामा नये.

चाकं एका बाजूला वळलेली असताना स्क्रू आवळला तर मध्यावर आल्यावर बॉक्स दाबला जातो. स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि दाते दोन महिन्यांत चावले जातात. दुसरा प्रकार असा, मध्यावर बरोबर केलं पण टोकांकडे अडकायला लागलं. मग समजा की मधले दाते फार झिजले आणि टोकाचे अजून कोरे आहेत. तिथे स्क्रू काही करू शकत नाही, सेट बदलायचाच.

बॉक्स उघडायचा तर कुठून सुरुवात करू?

धुण्यापासून. बाहेरून डिझेल आणि ब्रशने स्वच्छ झाल्याशिवाय एकही बोल्ट सोडू नका. आत गेलेला वाळूचा एक कण वर्म आणि नटामधल्या नव्या गोळ्यांची वाट लावायला पुरतो. मॉडेलप्रमाणे बोनेट, डॅशबोर्ड, काही ठिकाणी डिझेलची टाकीही काढावी लागते. त्यामुळे अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि फवारणीच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नका.

ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्ट आणि आर्म दोघांवर पंचने एक सरळ खूण करा. ही खूण विसरणारे फार आहेत. नट सोडून पुलर लावा. तो निघत नाही म्हणून शाफ्टच्या तोंडावर घण घालणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तो मार थेट आतल्या बुशला आणि बाजूच्या झाकणाला बसतो. पुलर ताणून ठेवा, आर्मच्या कडेला हातोडीने एक-दोन टोले द्या, तो आपोआप सुटतो. स्टेअरिंगची कडीही तशीच काढायची. खाली चावी (कडी शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेला लोखंडी तुकडा) असेल तर ती जपून ठेवा.

वर्म बाहेर काढताना खाली पसरट भांडं किंवा पांढरं फडकं घ्या. गोळ्यांच्या बॉक्समध्ये नट सुटला की गोळ्या सांडतात. त्या मोजा आणि आकडा लिहून ठेवा. एखादी कमी पडली तर बाजूच्या गोळ्या अंतर सोडून पळतात आणि वाट खराब होते. बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला, एकाच मापाच्या. जुन्यांत दोन नव्या मिसळल्या तर सगळा भार त्या दोनच गोळ्यांवर येतो.

आता डिझेलमध्ये धुऊन उजेडात बघा. वर्मच्या वाटेवर बोटाचं नख फिरवा. खड्डे लागले, पापुद्रा निघालेला दिसला, तर वर्म आणि नट दोन्ही जोडीनेच बदलायचे. सेक्टरचे मधले दाते आणि कडेचे दाते शेजारी ठेवून जाडी ताडून बघा. वरची-खालची बेअरिंगं आणि त्यांच्या वाट्या बघा, त्यात गोळ्यांचे ठसे उमटले असतील तर स्टेअरिंग फिरवताना ते कट-कट असे जाणवत राहतात. सेक्टर शाफ्ट बुशच्या जागी बोटाला पायरी लागेल इतका झिजला असेल तर नुसता बुश बदलून काही होणार नाही.

जोडताना वर्मचा उभा प्ले शिमने बसवतात. शिम म्हणजे झाकणाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या. शिम काढली की घट्ट, घातली की सैल. वर्म वर-खाली अजिबात हलू नये आणि तरीही दोन बोटांनी सहज फिरावा, इतकं जमलं पाहिजे. इथे घाई करू नका. मी स्वतः झाकण चार-चार वेळा उघडतो. वर्मचा हा प्ले आधी बसवायचा, बाजूचा स्क्रू त्यानंतर. उलट केलं तर दोन्ही चुकतात.

बॉक्समधून ऑईल गळतं म्हणून ग्रीस भरलं. चालेल ना?

चालणार नाही. ग्रीस एकदा बाजूला सारलं गेलं की परत येत नाही. फिरणाऱ्या गोळ्या त्यात वाट पाडतात आणि मग कोरड्याच फिरतात. ऑईल मात्र परत जागेवर येतं. जुन्या बऱ्याच ट्रॅक्टरांना ९० नंबरचं गिअर ऑईल लागतं, पुस्तिका सांगेल ते घाला, पातळी बघायच्या बोल्टपर्यंत.

गळती सहसा खालच्या ऑईल सीलमधून असते. नवं सील घातलं आणि महिन्याभरात परत गळायला लागलं, ही तक्रार मी शेकड्याने ऐकली आहे. सीलचा यात दोष नसतो. बुश झिजल्यामुळे शाफ्ट डोलतो आणि डोलणारा शाफ्ट कोणतंही सील चार दिवसांत फाडतो. बुश आणि सील सोबतच बदला. शाफ्टवर सील बसतं तिथली खाच आणि गंज पॉलिश पेपरने साफ करा.

स्टेअरिंग फार जड झालंय. बॉक्स आवळल्यासारखा वाटतो.

आधी टायरची हवा बघा. हसू नका, दहातल्या कितीतरी गाड्या माझ्याकडून फक्त हवा भरून परत गेल्या आहेत. पुढच्या ६.००-१६ टायरला बऱ्याच ट्रॅक्टरांत २६ ते ३० पौंड हवा लागते.

मग चाकं उचला. तरीही जड असेल तर ड्रॅग लिंक सोडा. कडी वर हलकी फिरली आणि चाकं हाताने ढकलायला जड गेली, तर किंगपिन कोरडी पडली आहे. उलट झालं तर बॉक्स. चाकं उचलल्यावर सगळं एकदम हलकं आणि खाली टेकवल्यावर जड, तर किंगपिनखालचं थ्रस्ट बेअरिंग फुटलं आहे का बघा. त्याच्यावर पुढचा सगळा भार असतो, म्हणून दोष भार आल्यावरच दिसतो. काही ट्रॅक्टरांत तिथे बेअरिंगऐवजी नुसता वायसर असतो, तोही बघा.

पुढे कोणी लोडर किंवा जास्तीची वजनं लावली असतील तर त्याचाही भार येतोच.

द्राक्षबागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरची स्टेअरिंगं लवकर का जातात?

हा खास आपल्या भागाचा प्रश्न आहे. तीन कारणं मला दिसतात. बागेच्या शेवटी वळायला जागा कमी, तारा आणि खांब जवळ. चालवणारा ट्रॅक्टर जागेवर थांबवतो आणि उभ्या चाकांवर स्टेअरिंग ओढतो. टायर जमिनीवर घासत फिरतात आणि सगळा ताण दातांवर, ड्रॉप आर्मवर येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीच्या दिवसांत एका दिवसात किती वेळा वळता ते मोजा. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने का होईना पुढे सरकत असताना कडी फिरवा, एवढ्या सवयीने बॉक्सचं आयुष्य वाढतं. मुलांना शिकवताना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा.

दुसरं कारण फवारा. मोरचूद लोखंडाला खातं. बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याचा फवारा मारून आलेला ट्रॅक्टर तसाच उभा राहिला की बॉल जॉईंटचे आटे गंजतात. म्हणून धुवा. आणि तिसरं कारण म्हणजे हे धुणंच. फवाऱ्याच्या पंपाचं पाणी जोराने थेट सांध्यावर मारलं की आतलं ग्रीस बाहेर आणि पाणी आत. साध्या नळीने धुवा, आणि धुतल्यावर न चुकता ग्रीस मारा. पाणी बाहेर निघून नवं ग्रीस दिसेपर्यंत.

इगतपुरी, त्र्यंबककडे भाताच्या चिखलणीलाही हेच. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी पुढचं सगळं ग्रीस करायचं. बाकी वेळी पुस्तिकेतल्या तासांप्रमाणे.

किंगपिनचे बुश बदलताना काय चुकतं?

बुशला ग्रीससाठी भोक असतं. ते निपलच्या भोकासमोर यायला हवं. ठोकताना बुश जरा फिरला तर भोक बंद होतं, वरून तुम्ही कितीही ग्रीस मारा, आत थेंब जात नाही. बुश बसवल्यावर बारीक तार घालून खात्री करा. पिन हाताने फिरेल पण डुलणार नाही इतपत बुश रीमर म्हणजे भोक मापात आणायचं हत्यार मारून घ्या. रीमर नसेल तर लेथवाल्याकडे न्या, कानशीने घासू नका.

ग्रीस मारताना चाक उचललेलं असावं. भार असताना ग्रीस मोकळ्या बाजूने निघून जातं आणि ज्या बाजूने पिन दाबली जाते तिथे पोचतच नाही.

वेल्डिंग करून चालेल का? बॉल जॉईंट ठोकून घट्ट केला तर?

नाही. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, स्पिंडलचा आर्म, यांना वेल्डिंगचा टाका मी लावत नाही आणि कोणी लावून आणला तर ते काम हातात घेत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या शेजारचं पोलाद बदलतं आणि तिथे चीर जाते. वाकलेली दांडी तापवून सरळ करणं हेही तसंच. ठोकून घट्ट केलेला बॉल जॉईंट आठवडाभर बरा वाटतो, मग वाटी फाटते.

स्प्लिट पिनचंही सांगतो, म्हणजे नट सुटू नये म्हणून त्याच्या भोकातून घालून वाकवतात ती दुमती पिन. माझे वडील एका रात्री लासलगावहून रिकामी ट्रॉली घेऊन परत येत होते. त्या आधी एका गॅरेजमध्ये बॉल जॉईंट बदलला होता आणि स्प्लिट पिन नव्हती म्हणून तिथे तारेचा खिळा वाकवून घातला होता. रस्त्यात खिळा पडला, नट सुटला, बॉल पिन खाली आली. डावं चाक बाहेर फिरलं आणि ट्रॅक्टर चारीत गेला. वडिलांचं मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. मी तेव्हा नववीत होतो. आजही माझ्या खिशात स्प्लिट पिनची पुडी असते. जुनी पिन काढली की ती फेकायची, परत वापरायची नाही. नटाचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही.

रस्त्यावर ट्रॉलीसह पुढची चाकं थरथरतात. काय बघू?

दोन्ही टायरची हवा सारखी आहे का आणि झीज सारखी आहे का. मग हबचं बेअरिंग: चाक फिरवत नट आवळा, जड व्हायला लागलं की पुढच्या खाचेपर्यंत मागे सोडा, नवी स्प्लिट पिन. मग किंगपिन. हे सगळं ठीक असेल तर टो-इन, म्हणजे पुढची दोन्ही चाकं समोरून किंचित आत वळलेली असतात ते माप.

टो-इन घरी मोजता येतो का?

येतो, टेप आणि खडू पुरतात. चाकं सरळ करा. दोन्ही टायरच्या पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर, मधोमध खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. ट्रॅक्टर हाताने ढकलून चाक अर्धा फेरा पुढे न्या, त्याच खुणा आता मागे आल्या, परत मोजा. त्याच खुणा वापरल्यामुळे वाकडी रिम असली तरी माप चुकत नाही. पुढचं माप मागच्यापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर कमी असावं, असं बऱ्याच ट्रॅक्टरांत असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेतून घ्या.

बदलायचं तर टाय रॉडचे लॉक नट सोडून नळी फिरवा. एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे नळी फिरली की दोन्ही टोकं एकदम जवळ किंवा लांब जातात. मॅसी ३५ च्या घडणीच्या ट्रॅक्टरांत वेगळं आहे. तिथे बॉक्सला दोन ड्रॉप आर्म आणि प्रत्येक बाजूला आपली ड्रॅग लिंक, मधली टाय रॉड नाही. टो-इन त्या दोन दांड्यांच्या लांबीवर बसवतात. दोन्ही सारख्या राखा, नाहीतर कडीचा मध्य सरकतो.

दुरुस्तीनंतर डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी वळतो.

ड्रॉप आर्म एक दाता चुकून बसला आहे, किंवा बॉक्स मध्यावर नसताना बसवला. वर सांगितलेली पंचची खूण याचसाठी होती. खूण नसेल तर फेरे मोजून बॉक्स मध्यावर आणा, चाकं सरळ ठेवा आणि मग आर्म चढवा. एक्सेलवर वळण थांबवणारे बोल्ट असतील तर तेही तपासा. चाक त्या बोल्टला आधी टेकलं पाहिजे. बॉक्स आतून आधी टेकत असेल तर प्रत्येक वळणाचा धक्का नटाला आणि गोळ्यांना बसतो.

पार्ट कंपनीचा घ्यावा की बाजारातला?

बुश, सील, बाकी किरकोळ वस्तू चांगल्या दुकानातून बाजारातल्या चालतात. बॉल जॉईंट आणि वर्म-सेक्टरचा सेट मी कंपनीचाच घालतो, महाग पडला तरी. जुना नमुना दुकानात सोबत न्या. एकाच नावाच्या ट्रॅक्टरात वर्षाप्रमाणे आटे आणि निमुळता भाग बदललेला असतो. बॉल पिनचा निमुळता भाग भोकात निम्म्याहून खाली बसला किंवा डुलला तर तो पार्ट परत करा.

पॉवर स्टेअरिंग बसवून घेतलं तर हे सगळं टळेल का?

हाताचे कष्ट टळतील, दुरुस्ती टळणार नाही. पंप, सिलिंडर, ऑईलची टाकी नवी येते, पण किंगपिन, सेंटर पिन, बॉल जॉईंट जुनेच राहतात. ऑईलच्या दाबाने चाक सहज फिरतं, त्यामुळे ढिले सांधे हाताला कळेनासे होतात. आधी खालचं सगळं नीट करा. वय झालेले काका दिवसभर बागेत ट्रॅक्टर चालवत असतील, तर त्यानंतर किट जरूर बसवा, त्यांचे खांदे वाचतील.

काम झाल्यावर चाचणी कशी घ्यायची?

आधी उभ्या ट्रॅक्टरवर टोकापासून टोकापर्यंत. मग शेताच्या रस्त्याने, ट्रॉली न लावता, चार-पाच किलोमीटर. कडी सोडल्यासारखी हलकी धरा आणि ट्रॅक्टर कुठे ओढतो का बघा. घरी आल्यावर ड्रॉप आर्मचा नट, दांड्यांचे लॉक नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, कारण नवे भाग पहिल्या फेरीत बसतात. हेच परत आठ दिवसांनी. मोहदरी किंवा राहुड घाट उतरायचा असेल, तो या दुसऱ्या आवळणीनंतर.